घाटातली बारी आणि अनुच्छेद २५४

प्रश्न जुन्नर तालुक्यातल्या एका वाचकाचा आहे. त्यांनी विचारलंय: "बैलगाडा शर्यत सुप्रीम कोर्टानं २०१४ साली बंद केली. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा केंद्राचा १९६० चा कायदा तेव्हाही होता, आजही आहे. मग आमच्या घाटात पुन्हा बारी लागते ती कशी? राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याच्या वर जाऊ शकतो का? आणि जात असेल, तर राज्य सरकार इतर बाबतीत हात वर का करतं?" (घाट म्हणजे शर्यतीची धावपट्टी, बारी म्हणजे गाडा पळवण्याची फेरी.)

मी नोकरीतली बरीच वर्षं विधेयकांचे मसुदे लिहिण्यात घालवली. हा प्रश्न वेगवेगळ्या वेशात माझ्या टेबलावर यायचा. एखाद्या विभागाचे अधिकारी फाईल घेऊन यायचे आणि म्हणायचे, "साहेब, एकच कलम घालायचंय, केंद्राचा कायदा काहीही म्हणो, आमच्याकडे असं असेल." त्या 'एकाच कलमा'मागे किती खटाटोप असतो हे सांगण्यात मग त्यांचा अर्धा दिवस जायचा आणि माझाही.

आधी 'वर' हा शब्द बाजूला ठेवू. संसद मोठी आणि विधानसभा लहान, असा जिना आपल्या घटनेत नाही. अनुच्छेद २४६ आणि सातवी अनुसूची मिळून विषयांची वाटणी करतात. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, रेल्वे, टपाल, तार हे संघ सूचीत. सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस, शेती, जमीन, दारू हे राज्य सूचीत. फौजदारी कायदा, विवाह, करार, कामगार कल्याण हे समवर्ती सूचीत, म्हणजे दोघांनाही खुले. प्रत्येक सूचीतल्या ओळीला आम्ही 'नोंद' म्हणतो. मसुदा लिहायला बसलेला माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो: नोंद कोणती? नोंद सापडली नाही तर पुढचं सगळं पाणी. कुठल्याच सूचीत न बसणारा विषय अनुच्छेद २४८ आणि संघ सूचीतली ९७ वी नोंद यांमुळे केंद्राकडे जातो.

हे उरलेसुरले अधिकार आधी राज्यांकडे जायचे होते. मे १९४६ च्या कॅबिनेट मिशनच्या योजनेत ते प्रांतांना दिले होते आणि डिसेंबर १९४६ च्या उद्दिष्टांच्या ठरावातही तीच दिशा होती. फाळणी ठरली आणि वारं फिरलं. जुलै १९४७ मध्ये नेहरूंच्या अध्यक्षतेखालच्या संघ अधिकार समितीनं ते केंद्राकडे वळवले. तीन सूच्यांचा सांगाडा मात्र १९३५ च्या भारत सरकार कायद्यातूनच आला आहे.

आता शर्यत. गावाकडे युक्तिवाद ऐकू यायचा की शर्यत हा खेळ आहे, खेळ राज्य सूचीतल्या ३३ व्या नोंदीत आहे, मग केंद्राची लुडबुड कशाला? ऐकायला बरा आहे, पण टिकणारा नाही. केंद्राचा १९६० चा कायदा खेळाबद्दल बोलतच नाही. तो जनावराला होणाऱ्या वेदनेबद्दल बोलतो, आणि 'प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध' ही समवर्ती सूचीतली १७ वी नोंद आहे. त्या कायद्याचं कलम २२ म्हणतं की केंद्रानं अधिसूचित केलेल्या प्राण्याला प्रदर्शनासाठी वापरायचं नाही, त्यासाठी शिकवायचंही नाही. ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्या पंगतीत बैल येऊन बसला. जुन्नर-खेडच्या घाटांवर खरा घाव तेव्हाच पडला. २०१४ च्या निकालानं तो पक्का केला, एवढंच.

एखादा कायदा दोन नोंदींना स्पर्श करतो तेव्हा न्यायालय त्याचा गाभा बघतं. कोर्टात याला 'पिथ अँड सबस्टन्स' म्हणतात, पुस्तकी मराठीत 'तत्त्व आणि सार'. प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपील न्यायालयानं, १९४७ मध्ये बंगालच्या सावकारी कायद्याच्या खटल्यात हे स्पष्ट केलं होतं. सावकारी प्रांताची, पण वचनचिठ्ठी (पैसे फेडण्याचं लेखी वचन) केंद्राची. सावकारीचा कायदा करताना वचनचिठ्ठीला धक्का लागणारच. तेवढ्यानं कायदा बाद होत नाही.

आपल्याकडचं उदाहरण मोक्काचं, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या महाराष्ट्राच्या कायद्याचं. १९९९ च्या या कायद्यात फोनवरचं संभाषण चोरून ऐकण्याची तरतूद आहे. तार आणि टेलिफोन तर संघ सूचीत, म्हणून मुंबई उच्च न्यायालयानं ती कलमं राज्याच्या अधिकाराबाहेरची ठरवली. सप्टेंबर २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो भाग फिरवला. कायद्याचा गाभा संघटित गुन्हेगारी रोखणं हा आहे, टेलिफोन चालवणं नव्हे, असं त्यांनी म्हटलं.

दारूची गोष्ट तर त्याहून मजेशीर आहे आणि मसुदाकाराला नम्र करणारी आहे. १९५१ च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मुंबई दारूबंदी कायदा बराचसा उचलून धरला आणि 'लिकर' या शब्दात अल्कोहोल असलेले सगळे द्रव येतात असं सांगितलं. मग १९८९ मध्ये सात न्यायाधीशांनी ठरवलं की राज्याच्या हातात फक्त पिण्याची दारू, औद्योगिक अल्कोहोल केंद्राचं. राज्यांच्या, त्यातही मळीपासून अल्कोहोल काढणाऱ्या साखर कारखान्यांच्या राज्यांच्या, हातातून मोठी सत्ता गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये नऊ न्यायाधीशांनी आठ विरुद्ध एक अशा बहुमतानं ते उलटवलं आणि औद्योगिक अल्कोहोल पुन्हा राज्य सूचीतल्या ८ व्या नोंदीत आणलं. घटनेतली ओळ तीच, एक अक्षर बदललेलं नाही. पस्तीस वर्षं मात्र तिचा अर्थ निराळा होता.

असो. बैलाकडे परत येऊ.

तमिळनाडूनं जल्लिकट्टूसाठी (उधळलेल्या बैलाला आवरण्याच्या खेळासाठी) २००९ मध्ये स्वतःचा कायदा केला होता. तो ७ मे २०१४ च्या निकालात पडला. महाराष्ट्राचा २०१७ चा सुधारणा कायदा मात्र १८ मे २०२३ च्या निकालात टिकला, तमिळनाडू आणि कर्नाटकाच्या नव्या कायद्यांसह. विषय एक, नोंद एक, केंद्राचा कायदा एक. मग एक पडला आणि एक टिकला तो कशामुळे?

अनुच्छेद २५४ चं पहिलं खंड म्हणतं: समवर्ती सूचीतल्या विषयावर राज्याचा आणि संसदेचा कायदा एकमेकांशी जुळत नसतील, तर संसदेचा चालेल आणि राज्याचा कायदा जेवढा विसंगत तेवढा शून्य. तमिळनाडूचा २००९ चा कायदा या खंडात अडकला. त्याला राष्ट्रपतींची अनुमती नव्हती. घेण्याचा प्रयत्नच झाला नव्हता. दुसरं खंड म्हणतं: राज्याचं विधेयक राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवलं आणि त्यांनी अनुमती दिली, तर त्या राज्यापुरता राज्याचाच कायदा चालेल. महाराष्ट्रानं ही दुसरी वाट धरली.

त्यातही आपल्या लोकांनी एक शहाणपण केलं, आणि त्याचं श्रेय मसुदा लिहिणाऱ्यांना द्यायला हवं. केंद्राच्या कायद्याशेजारी 'महाराष्ट्र बैलगाडा कायदा' म्हणून स्वतंत्र चूल त्यांनी मांडली नाही. केंद्राच्याच कायद्यात महाराष्ट्रापुरती दुरुस्ती केली. शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी, सोबत नियम, आणि बैलाला वेदना होऊ नयेत यासाठी अटी. याचा फायदा असा की गाभा १७ व्या नोंदीतच राहतो. 'क्रूरता प्रतिबंधाच्या नावाखाली तुम्ही खेळ चालू केलात, हा छद्म कायदा आहे' असा आरोप झालाच. पण घटनापीठानं तो मानला नाही. दुरुस्तीचं सार १७ व्या नोंदीतच आहे आणि आता खेळाचं रूपच बदललं आहे, असं त्यांनी धरलं. शर्यत संस्कृतीचा भाग आहे की नाही हे ठरवणं विधिमंडळाचं काम, असंही म्हटलं. प्राणिमित्रांना हा निकाल पटलेला नाही आणि त्यांचा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. कागदावरची अट आणि घाटातलं वास्तव यांत अंतर असतं हे मीही पाहिलंय. पण अधिकाराच्या प्रश्नावर मला निकाल बरोबर वाटतो.

मधला प्रवास सरळ नव्हता. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रानं अधिसूचना काढून जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींना सूट देऊन पाहिली, पण सर्वोच्च न्यायालयानं आठवड्याभरात तिला स्थगिती दिली. अधिसूचना हा कायद्याच्या पोटातला आदेश. कायद्याचा अर्थ न्यायालयानं एकदा लावला की नुसत्या अधिसूचनेनं त्यातून सुटता येत नाही, कायदाच बदलावा लागतो. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर लोक उतरले आणि तमिळनाडूनं अध्यादेश, मग कायदा, मग अनुमती, असं सगळं काही दिवसांत उरकलं. आपलं विधेयक एप्रिल २०१७ मध्ये मंजूर झालं आणि उन्हाळा सरल्यावर अनुमती मिळाली. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाची स्थगिती आली. शर्यती सुरू करायला सर्वोच्च न्यायालयाची परवानगी मिळाली ती १६ डिसेंबर २०२१ ला. म्हणजे कायदा पुस्तकात होता आणि गाडे चार वर्षं गोठ्यात उभे होते.

आता प्रश्नाच्या शेवटच्या भागाकडे येतो: मग सगळीकडे हीच युक्ती का वापरत नाहीत? याची कारणं फारशी कुणी सांगत नाही, म्हणून जरा रेंगाळतो.

पहिलं कारण म्हणजे ही वाट फक्त समवर्ती सूचीपुरती आहे. संघ सूचीतल्या विषयावर राज्यानं कायदा केला तर राष्ट्रपतींची अनुमती घेऊनही तो वाचत नाही. मुळात अधिकारच नव्हता, तर अनुमती कशाला? हे न समजल्यामुळे कितीतरी मसुदे आमच्याकडे यायचे आणि तसेच परत जायचे. जीएसटीत तर २५४ चालतच नाही. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीनं आलेला अनुच्छेद २४६अ '२४६ आणि २५४ मध्ये काहीही असले तरी' अशी सुरुवात करून केंद्र आणि राज्य दोघांनाही एकाच वेळी कर लावायचा अधिकार देतो.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. राष्ट्रपतींची अनुमती म्हणजे राष्ट्रपती भवनातल्या एका व्यक्तीचं मन वळवणं नव्हे. राष्ट्रपती केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं वागतात. विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं की राज्यपालांकडे जातं, ते राखून ठेवतात, मग ते दिल्लीत गृह मंत्रालयात पोचतं, तिथून ज्या मंत्रालयाच्या कायद्याला ते छेद देतं त्याच्याकडे अभिप्रायाला जातं. म्हणजे ज्याच्या कायद्यातून सुटायचं, त्यालाच विचारायचं. पंजाब विधानसभेनं ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राच्या शेती कायद्यांना वळसा घालणारी विधेयकं मंजूर केली तेव्हाच कुणालाही दिसत होतं की त्यांना अनुमती मिळणार नाही. शेवटी नोव्हेंबर २०२१ मध्ये संसदेनंच ते कायदे मागे घेतले. शर्यतीच्या बाबतीत दिल्ली आणि मुंबई एकाच मताची होती, २०१६ ची अधिसूचना केंद्रानंच काढली होती, म्हणून गाडी पुढे गेली.

अनुमतीला घटनेनं मुदत घातलेली नाही. एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठानं राज्यपाल आणि राष्ट्रपतींसाठी मुदती ठरवल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, राष्ट्रपतींनी मागवलेल्या अभिप्रायावर, पाच न्यायाधीशांनी सांगितलं की न्यायालयाला अशा मुदती लादता येणार नाहीत. म्हणजे फाईल पुन्हा होती तिथेच.

वाट पाहताना काय होतं याचा धडा शक्ती विधेयकानं दिला. महिला आणि बालकांवरील अत्याचारांना कडक शिक्षा देणारं हे विधेयक आपल्या विधिमंडळानं डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केलं. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत, त्यामुळे अनुमती आवश्यक. विधेयक दिल्लीत असतानाच संसदेनं भारतीय न्याय संहिता आणली आणि १ जुलै २०२४ पासून ती लागू झाली. ज्या भारतीय दंड संहितेच्या कलमांत दुरुस्ती सुचवली होती, ती संहिताच गेली. मसुदाकाराच्या आयुष्यात याहून वाईट सकाळ नसते.

तिसरं कारण म्हणजे अनुमती 'कशासाठी' मागितली हे बघितलं जातं. सगळ्या गावाला एकच आमंत्रण चालत नाही. २००२ मध्ये कैसर-ए-हिंद खटल्यात, मुंबई भाडे कायद्याच्या संदर्भात, घटनापीठानं म्हटलं की राज्यानं राष्ट्रपतींना कोणत्या केंद्रीय कायद्याशी विसंगती आहे ते दाखवून अनुमती मागितली असेल, तेवढ्याच कायद्यापुरतं राज्याच्या कायद्याला संरक्षण मिळतं. भाडे कायद्याची मुदत वाढवताना सार्वजनिक जागांच्या १९७१ च्या केंद्रीय कायद्याचा उल्लेखच केलेला नव्हता, म्हणून त्यापुढे भाडे कायदा टिकला नाही. तेव्हापासून दिल्लीला जाणाऱ्या टिपणात आम्ही एकेक केंद्रीय कायदा, एकेक कलम नाव घेऊन लिहायचो. टिपण कंटाळवाणं व्हायचं. व्हायलाच हवं.

चौथी गोष्ट शर्यतीच्या शौकिनांनी नीट ऐकावी. अनुमती मिळाली म्हणजे कायमची सनद मिळाली असं नाही. २५४ च्या दुसऱ्या खंडाला एक परंतुक आहे: त्याच विषयावर संसद केव्हाही नवा कायदा करू शकते, राज्याच्या कायद्यात भर घालू शकते, तो बदलू शकते, रद्दही करू शकते. हे जुन्या मुंबई राज्यातच घडलंय. अत्यावश्यक वस्तूंच्या १९४६ च्या केंद्रीय कायद्यातली शिक्षा मुंबईनं १९४७ मध्ये स्वतःपुरती वाढवली, त्याला रीतसर अनुमतीही घेतली. १९५० मध्ये संसदेनं त्याच शिक्षेच्या कलमाची फेररचना केली. परवान्याशिवाय धान्य नेल्याच्या झवेरभाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९५४ मध्ये सांगितलं की संसदेनं त्याच विषयाला हात घातल्यावर मुंबईची दुरुस्ती संपली. तिला स्पष्ट शब्दांत रद्द करण्याचीही गरज नव्हती. उद्या संसदेनं १९६० चा कायदा नव्यानं लिहिला आणि त्यात शर्यतींवर बंदी घातली, तर २०१७ ची आपली दुरुस्ती तिथेच थांबेल.

उलट दिशेचा सापळाही आहे, आणि त्यात महाराष्ट्र पुरता अडकला होता. जमीन हा राज्य सूचीतला विषय. पण अनुच्छेद २५२ प्रमाणे दोन किंवा अधिक राज्यांनी ठराव करून विनंती केली तर संसद राज्याच्या विषयावरही त्या राज्यांपुरता कायदा करू शकते. १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा असाच आला. एकदा ठराव दिला की तो विषय राज्याच्या हातातून जातो. मग दुरुस्ती किंवा रद्द करायचं तर संसदेनंच. संसदेनं १९९९ मध्ये निरसन केलं, पण ज्या राज्यांनी ठराव केला त्यांच्यापुरतंच. महाराष्ट्रानं तो ठराव २९ नोव्हेंबर २००७ ला केला. म्हणजे आठ वर्षं मुंबई-पुण्याच्या जमिनींवर असा कायदा चालू राहिला जो केंद्रानं मागे घेतला होता आणि जो राज्याला स्वतःच्या विधेयकानं मागे घेता येत नव्हता. देताना एका ठरावाचं काम होतं. परत घेताना काय होईल याचा विचार त्या पहिल्या ठरावाच्या वेळी कुणी केला असेल असं वाटत नाही.

केंद्र राज्याच्या अंगणात आणखी दोन वाटांनी येतं. राज्यसभेनं दोन-तृतीयांश बहुमतानं ठराव केला तर अनुच्छेद २४९ खाली, आणि आंतरराष्ट्रीय कराराची अंमलबजावणी करायची असेल तर २५३ खाली. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा दुसऱ्या वाटेनं आलेला आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं तर शिक्षण आणि वनं हे विषयच राज्य सूचीतून उचलून समवर्ती सूचीत नेले. शिक्षणावरून होणाऱ्या आजच्या बऱ्याचशा भांडणांचं मूळ तिथे आहे. तो वेगळ्या उत्तराचा विषय आहे.

गोव्यातल्या एकानं याच प्रश्नाखाली विचारलंय की धिरयोला, म्हणजे बैलांच्या झुंजींना, असाच कायदा चालेल का? उच्च न्यायालयाच्या तिथल्या खंडपीठानं १९९६ मध्ये धिरयो बंद केले. वाट कागदावर तीच आहे: १७ वी नोंद, केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती, अनुमती. पण शर्यतीत बैल धावतो, धिरयोत दोन बैल एकमेकांशी झुंजतात, आणि प्राण्यांना झुंजवणं हा केंद्राच्या कायद्यात सरळ गुन्हा आहे. २०२३ च्या निकालाचा आधार वेदना कमी करण्यावर आहे. झुंजीतली वेदना कोणत्या नियमानं कमी करणार हे मला सुचत नाही. मी तरी असा मसुदा लिहिणार नाही.

एखादा राज्य कायदा अनुमतीच्या जोरावर उभा आहे की नाही हे ओळखायला वकील लागत नाही. राजपत्रात छापलेल्या अधिनियमाच्या माथ्यावरची ओळ वाचा. 'राज्यपालांची अनुमती' असेल तर तो नेहमीच्या वाटेनं आला. 'राष्ट्रपतींची अनुमती' असेल आणि विषय समवर्ती सूचीतला असेल, तर बहुधा केंद्राच्या कुठल्यातरी कायद्याला तो वळसा घालतो आहे. मग तो केंद्राचा कायदा काढा आणि कलमांखाली बारीक अक्षरात छापलेल्या 'राज्य सुधारणा' बघा. १९६० च्या कायद्याच्या चांगल्या प्रतीत तिथे तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र अशी नावं सापडतील.